दादांचं इंजिन

चालणाऱ्या इंजिनापेक्षा बंद पडणाऱ्या इंजिनाचा जास्त विचार करणारा माणूस अख्ख्या मुलुंडात एकच, आणि तो माझा मोठा दीर. त्यांना मी दादा म्हणते. कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर विमान चालवायला शिकले आणि भांडुपच्या एका गाळ्यात छोट्या विमानासाठी इंजिन बनवायला बसले. या इंजिनात पिस्टन नसतो, तीन टोकांचा एक लोखंडी तुकडा गरगर फिरतो. मी एकदा म्हटलं, फुगलेल्या समोशासारखा दिसतो. दादा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी तशीही बोलत नाही, त्यामुळे ते मला तिसऱ्या दिवशी कळलं.

विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर आधी दांडा पुढे ढकलून नाक खाली करायचं, म्हणजे वेग टिकतो आणि विमान कोसळत नाही, मग उतरायला मोकळी जागा शोधायची, आणि वेळ उरला तरच इंजिन चालू करून बघायचं. हे आमच्या घरात पोराटोरांनाही पाठ आहे. रिक्षात बसलं की दादा विचारतात, "आत्ता बंद पडलं तर कुठे उतरशील?" जाऊबाई म्हणतात, "रस्त्यावरच आहोत ना हो, अजून कुठे उतरायचं?" एकदा जेवताना लाइट गेली, पंखा थांबला, आणि दादांनी दोन्ही हातांनी ताट पुढे ढकललं. आमटी जाऊबाईंच्या मांडीवर.

गाळ्यात इंजिनासमोर खुर्ची, दांडा आणि स्टार्टरचं बटण मांडून ते सराव करायचे. कोणीतरी मागून न सांगता पेट्रोलचा कॉक बंद करायचा. जाऊबाई आधी विचारायच्या, "करू का बंद?" म्हणून ते काम डबा घेऊन जाणाऱ्या माझ्याकडे आलं. "हिच्या तोंडावरून काही कळत नाही," दादा खूश होऊन म्हणाले.

घाटावर त्यांच्या मित्राने दोन सीटचं विमान बांधलं होतं. त्यात हे इंजिन बसवून पहिल्यांदा दादाच उडणार होते. जायच्या आधी मी तीनदा कॉक बंद केला.

"बरोबर केलं ना गं?"

मान हलवून सुटता आलं असतं. पण मी म्हटलं, "तिन्ही वेळा तुमचा हात आधी बटणाकडे गेला."

"आणि दांडा?"

"नंतर."

ते बराच वेळ फडक्याने हात पुसत राहिले. मग मित्राला फोन लावला. "तू ने रे वर. मी ह्याला चालू करत बसेन आणि खाली येईन."

उडायच्या दिवशी घाटावरच्या माळावर आम्ही सगळे खाली उभे होतो, आणि दुसऱ्या फेरीला इंजिनाचा आवाज थांबला. जाऊबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. विमानाचं नाक खाली गेलं आणि ते कापलेल्या बाजरीच्या शेतात धडधडत उतरलं. मित्र हसत बाहेर आला.

सगळे त्याच्याभोवती जमले तेव्हा दादा एकटेच विमानात जाऊन बसले. जाऊबाईंनी दोनदा हाक मारली, ते उठले नाहीत. मी लांबून बघत होते. समोर बटण होतं. दादांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. दोन्ही हातांनी दांडा हळूच पुढे केला, आणि मान वळवून खाली जागा शोधू लागले.