सकाळच्या गाडीत टाकलेला टावेल

मी शाळेत गेलोय. न्हाई गेला असं कुणी म्हनू नये. दोन उन्हाळं सलग गेलोय, आमच्या वाडीच्या जिल्हा परिषद शाळेला रंग द्यायला. भिंतीवर 'अ' च्या शेजारी अननस हाय ना, त्यो मी काढलाय. गुरुजींनी इचारलं व्हतं, "अननस बघितलाय का कवा?" मी म्हनलं, "न्हाई, पर कणीस बघितलंय." तवापासनं आमच्या वाडीतली निम्मी पोरं अननसाला कणीस म्हंत्यात. इंग्लिश मिडियमची पिवळी गाडी पोरं न्यायला आली की आया माझ्याकडं बोट करून सांगत्यात, ह्या माणसामुळं फी भरतोय आम्ही.

माझी लेक मातूर त्याच शाळेत शिकली, आन् चांगली शिकली. अननस सोडला तर समदं बराबर शिकली. सातवीपतुर वाडीत झालं, म्होरली शाळा न्हावऱ्याला. तिथं जायला एकच साधन, सकाळची यष्टी. मागल्या गावावरनं वाडीत येती, म्होरं न्हावऱ्यावरनं शिरूरला जाती. लेक आन् तिच्यासारख्या चार-सहा पोरी त्या गाडीनं जात्यात. पास काढून, रांगंत उभ्या राहून. ही रांग कुठनं शिकल्या कुणास ठावं, आमच्या घराण्यात तर कुणी रांग लावलेली न्हाई.

मी ऱ्हातो शिरूर तालुक्यात आन् घाम गाळतो दौंड तालुक्यात. पाटसच्या पल्याड कंपनी हाय, तिथं लोडिंगला हाय मी. जायचं म्हंजी कंपनीतल्याच एका गड्याच्या मोटरसायकलवर मागं बसून. ऊस चालू झाला की आमच्या म्होरं कायम डबल ट्रॉली. हॉर्न दिला तर ड्रायव्हरला गाण्याच्या आवाजात ऐकू येत न्हाई, आन् आला एखाद्या वेळी तर त्यो हात हालवून राम राम करतो. मागनं मी ट्रॉलीतला ऊस वढायला बघतो. एकदा ऊस आला न्हाई, मीच गेलो. म्हंजी ऊस सोडायचं ध्यानात आलं न्हाई, आन् गडी म्होरं निघून गेला. त्यानं चौफुल्याला जाऊन मागं बघितलं, तवा त्येला कळलं सीट रिकामं हाय. सुपरवायझर बिहारचा हाय. त्यो रोज इचारतो, "आज क्या हुआ?" मी जे झालं ते सांगतो. त्येला वाटतं मी बनवून सांगतो.

ह्या साली मी घरपट्टी येळंवर भरली. बायकोनं पिशवीत पैसं घालून दिलं आन् पार ग्रामपंचायतीच्या दारापतुर मागं आली, म्हनून भरली. पर एकदा भरली आन् माझ्या अंगात काय संचारलं कुणास ठावं. पावती खिशात घालून मी गावभर हिंडलो, माझ्या पैशाचं काय काय हाय बघत. खांबावरचा दिवा दिवसा चालू दिसला. खाली उभा राहून म्हनलं, जळू दे, माझाच हाय. गटार तुंबलं व्हतं, तिथं बी जरा थांबलो. पारावर बसलेलं म्हातारं आबा म्हनलं, "काय बघतो रं?" म्हनलं, "आबा, ह्यातलं थोडं माझं हाय." आबा म्हनलं, "मंग घिऊन जा की घरी."

त्याच आठवड्यात गाडीचा कंडक्टर लेकीला म्हनला, वडलांना सांग, गाडीचं काय खरं न्हाई. म्हाताऱ्यांना फुकट, बायांना अर्धं, पोरींना पास. पुरं तिकीट काढणारा एक माणूस तुमच्या वाडीत चढत न्हाई. मंगळवारी डेपोतनं साहेब येणार हायेत बघायला. अशीच रिकामी दिसली तर बंद.

लेकीनं घरी येऊन सांगितलं. बायको म्हनली, "गाडी बंद झाली तर पोरीचं कसं?" माझ्या चुलतीचं उत्तर तर तयारच व्हतं, "ऱ्हाऊ द्या की घरी. शेळ्यांमागं कोणतरी लागतंयच." लेकीनं दप्तर उचललं आन् रातच्याला उशाला घिऊन झोपली. मी शेळ्यांकडं बघितलं. त्या बी माझ्याकडं बघत व्हत्या.

ग्रामसभेत सरपंच म्हनलं, अर्ज करू. मी उठलो. घरपट्टी भरलेली व्हती, आवाज आपोआप मोठा निघाला. म्हनलं, "अर्ज कशाला? रिकामी म्हंत्यात ना, भरून दावू. समदे पुरं तिकीट काढून बसू."

आमच्या आळीतलं आप्पा म्हनलं, "कोण भरणार गाडी?"

"मी भरतो."

"तू अजून त्या गड्याची टाकी भरली न्हाई कवा," आप्पा म्हनलं, "आन् यष्टी भरतो व्हय."

समदी सभा हसली. पर हसली म्हंजी तयार झाली, आमच्याकडं असंच असतंय.

मंगळवारी मी सुट्टी टाकली. सुपरवायझरला खरं कारण सांगितलं, गाडी भरायची हाय. त्यो म्हनला, "ट्रक?" म्हनलं, "बस."

सकाळी थांब्यावर ही गर्दी. इस्त्रीची कापडं, डोक्याला तेल. जी माणसं मोटरसायकल घिऊन संडासाला जात्यात ती यष्टीला उभी. आबा बी आलं, काठी घिऊन. मी म्हनलं, "आबा, तुम्ही फुकटात, तुमचा उपेग न्हाई." आबा म्हनलं, "मी तिकीट काढतो. वय न्हाई सांगत." पोरी नेहमीसारख्या झाडाखाली रांगंत उभ्या व्हत्या. मी लेकीला लांबनंच हात केला, बघ म्हनून.

साहेब म्हंजी जीप येणार. मी रस्त्यावर जीप बघत व्हतो. जीप आली न्हाई, गाडी आली.

आता हितनं म्होरली समदी चूक माझी. गाडी दिसली, गर्दी हालली, आन् माझा हात मला न इचारता खांद्यावरच्या टावेलाकडं गेला. जत्रंला, लग्नाला, बाजाराला, गाडी थांबायच्या आत खिडकीतनं टावेल टाकायचा आन् जागा धरायची, हे बारकंपणापासनं हातात बसलेलं. टावेल पडला ती जागा त्याची, मंग आत कलेक्टर असू दे. ही गाडी रोज मोकळी येती, पन्नास जागा मोकळ्या असत्यात, हे त्या हाताला कोण सांगणार. मी पळत जाऊन टावेल टाकला.

माझं बघून समद्यांनी टाकलं. टोप्या गेल्या, रुमाल गेलं, कांद्याची मोकळी गोणी गेली, एकाची चप्पल गेली आन् त्यो एका पायावर चढला. दारात अशी रेटारेटी झाली की कंडक्टर सांगत व्हता, "सावकाश, गाडी तुमचीच हाय," आन् मी आतनं वरडत व्हतो, "माझी तर हायच."

माझा टावेल एका माणसाच्या डोक्यावर पडला व्हता. साधा शर्ट, मांडीवर पिशवी, मागच्या थांब्याला चढला असंल. टावेल त्यानं काढून मांडीवर घेतला व्हता. म्हनलं, "पाव्हणं, उठा. टावेल माझा हाय."

"मी आधी बसलोय," त्यो म्हनला.

"तुम्ही बसलाय," म्हनलं, "पर टावेल माझा पडलाय."

मागनं चार जणांनी साक्ष दिली. त्यो उठला. बिचारा आबांच्या काठीत आन् एका कोंबडीच्या टोपलीत अडकून उभा राह्यला. गाडी हालली. मला त्याची कीव आली म्हनून त्येला जरा माहिती दिली. म्हनलं, "हा रस्ता दिसतोय ना, आमच्या पट्टीतनं झालाय. खड्डं बी आमचंच. गाडी रोज अशीच भरून जाती. पाय ठिवायला जागा नसती."

"रोज?" त्यो म्हनला.

"रोज. मी तर कायम उभा असतो."

कॅनॉलच्या पुलावर गाडी थांबली. तिकिटं फाडायची राह्यली व्हती, कंडक्टरला हात हालवायला जागा न्हाई. त्यानं मान वर करून इचारलं, "पास कुठं हायेत? पोरी कुठं बसल्या?"

समदी गाडी एकमेकाकडं बघायला लागली. सीटखाली बघितलं एकानं. मी मागं वळलो आन् काचंतनं बघितलं. लांब, रस्त्याच्या कडंनं, पोरी येत व्हत्या. पाठीला दप्तरं, अजून रांगंत. म्होरं माझी लेक.

मला टावेल तोंडावर घ्यावा वाटला.

त्या पाव्हण्यानं इचारलं, "ह्या कोण?"

मी म्हनलं, "ह्यांच्यासाठीच गाडी हाय."

"आन् तुम्ही समदे?"

कंडक्टरनं मान खाली घालून सांगितलं, "मामा, हे साहेब हायेत. डेपोचे."

मी उठलो. टावेलानं सीट पुसलं. म्हनलं, "बसा, साहेब." त्यो बसला न्हाई. त्यानं गाडीभर नजर फिरवली आन् इचारलं, "उद्या ह्यातलं कोण येणार?"

आधी कोंबडी बोलली. मंग आप्पा म्हनलं, "खोटं कशाला बोलू, साहेब. आमच्या गाड्या दारात हायेत."

मी म्हनलं, "मी येतो."

"तुम्ही या," साहेब म्हनले, "पर टावेल घरी ठिवून."

मंग गर्दी उतरली. आमचं आम्हीच उतरलो, कुणी सांगितलं न्हाई. उतरता उतरता वाडी ते कॅनॉल पुरं तिकीट काढलं आन् चालत माघारी. चप्पलवाला एका पायावर उतरला, कारण चप्पल शिरूरला निघाली व्हती. पोरी चढल्या. लेक माझ्या बाजूनं गेली, तिनं माझ्या खांद्यावरचा टावेल वढून माझ्या हातात दिला. साहेब दारातनं वाकून पोरींना इचारत व्हते, शाळा किती वाजता भरती, उशीर तर न्हाई ना झाला.

दुसऱ्या दिशी गाडी आली का बघायला आख्खी वाडी थांब्यावर, लांब उभी राहून, टावेल न घेता. आली. त्याच्या म्होरल्या दिशी बी आली. कंडक्टरनं सांगितलं, येत जाईल.

आता सेकंड शिफ्ट लागली की मी त्याच गाडीनं निघतो. शिफ्ट दुपारची, गाडी सकाळची. मधला येळ न्हावऱ्यात चहा पीत काढतो, मंग मिळंल त्या गाडीनं पाटसकडं. सुपरवायझर आता इचारतो, "आज जल्दी कैसे?" कंडक्टर मला लांबनंच बघून म्हंतो, "आलं आमचं पुरं तिकीट." वाडीत बी तेच नाव पडलंय. घरपट्टीच्या पावतीपेक्षा ह्याचा मान मोठा हाय, दिवा चालू असला तरी मी आता खाली थांबत न्हाई.

गाडी चालू राह्यली म्हनून शेजारच्या वस्तीवरच्या पोरी बी यायला लागल्या. शेळ्यांमागं आता माझी चुलतीच जाती. परवा चढलो तर गाडी गच्च. एकच जागा मोकळी, तिच्यावर लेकीची ओढणी. मला वाटलं, बापासाठी धरली. बसलो.

लेक म्हनली, "पप्पा, उठा. हितं माझी मैत्रीण बसणार हाय."

म्हनलं, "मी पुरं तिकीट काढलंय."

"तुम्ही तिकीट काढलंय," लेक म्हनली, "पर ओढणी माझी पडलीय."

मागनं चार पोरींनी साक्ष दिली. मी उठलो आन् न्हावऱ्यापतुर उभा गेलो.