शैलाताई आणि आईच्या कण्याचं माप

तीन आठवड्यांपूर्वी बिबवेवाडीत सफाई कामगार बायकांची सभा चालू असताना फोन आला. शैलाताई गेल्या, हृदयविकारानं. खरं सांगते, मनात पहिला विचार त्यांचा आलाच नाही. आईचा आला. आता आईच्या पाठीचं काय… लिहितानाही लाज वाटते, पण तसंच झालं.

शैलाताई सदाशिव पेठेतल्या एका क्लिनिकमध्ये एक्स-रे काढायच्या. त्याआधी एका डॉक्टरांच्या अभ्यासासाठी त्यांनी बरीच वर्षं धडधाकट माणसांच्या कण्याचा बाक आणि कंबरेच्या हाडाचा कल मोजून वहीत उतरवला होता. शिक्षक, हमाल, भाजीवाल्या, बँकेतले लोक. निरोगी पाठ कशी असते हे निरोगी माणसालाच विचारावं, असं त्या म्हणायच्या.

आई कित्येक वर्षं रस्ते झाडते. तिची कंबर धरली तेव्हा एका डॉक्टरांनी फिल्म बघून पाच मिनिटांत सांगून टाकलं, बाक नॉर्मलमध्ये बसत नाही, स्क्रू घालावे लागतील. तेव्हापासून आई खुर्चीतून उठायलाही घाबरायची. असली मापं घेणाऱ्या म्हणून मी तणतणत शैलाताईंकडे गेले, हातात पत्रक तयार : आमच्या पाठी नॉर्मलच आहेत, तुमचे नॉर्मलचे तक्ते खोटे! त्यांनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं.

"छान आहे हो. फक्त यात राग मोजलाय, पाठ कुठेय?" मग फिल्म उजेडावर धरली. "आईंना कसं उभं राहायला सांगितलं होतं?"

"सरळ."

"झालं मग!"

आई रोज मुकादमासमोर हजेरीला उभी राहते, तशीच उभी राहिली होती. छाती पुढे, कंबर ताणलेली. साहेब दिसला की आमच्या बायका अशाच उभ्या राहतात. नवी फिल्म काढायला तिला घेऊन गेले, तेव्हा हात कण्याच्या आड येऊ नयेत म्हणून शैलाताईंनी तिच्या मुठी गळ्याखालच्या हाडांवर टेकवल्या, पण 'सरळ' हा शब्द काढलाच नाही. पाठ वळवून यंत्राशी खुडबुडत विचारलं, "कमलताई, तुमच्या अकोल्याकडे ठेच्यात शेंगदाणे घालतात का हो?"

"टाकतात ना. पण भाजून," आई म्हणाली, आणि तिचे खांदे उतरले.

नवे आकडे वेगळे आले, तरी सरासरीला धरून नव्हतेच. "नेमकं सरासरीवर कोणीच उभं नसतं," शैलाताई म्हणाल्या. "माझ्या वहीतली धडधाकट माणसं तिच्या दोन्ही बाजूंना लांबवर पसरलीत. पण आईंना दुखतंय, ते खोटं नाही. पत्रकानं ते जायचं नाही." त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं. ते म्हणाले, व्यायाम करा, सहा महिन्यांनी पुन्हा फिल्म काढू, ऑपरेशनचं तेव्हा ठरवू.

ती फिल्म उद्या आहे. शैलाताईंच्या जागी आलेला नवा माणूस मला बाहेर बसवेल, दार लावेल, आणि आईला सरळ उभं राहायला सांगेल. त्याला आधी समजावून बघेन, पण मला ओरडूनच सांगता येतं, आणि मी ओरडले की आई आणखी ताठते. मोर्चात पोलिसांची भीती वाटत नाही मला. त्या बंद दाराची वाटते. काल दिवसभर तिला शिकवत होते, अशी राहा, तशी राहा… शेवटी ती चिडली. "उभं राहाची बी परीक्षा हाय का वं आता?"

आज सकाळी ती ओट्याशी चहाला उकळी यायची वाट बघत उभी होती. एक पाय सैल, कंबर तिची तिची. "अशीच…" हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तो गिळला. शैलाताईंसारखी पाठ वळवली, आणि विचारलं, "आई, आलं घातलंस का गं?"