बोळातली खाट

उजवा हात वर, तळवा स्वतःकडे, आणि चार बोटं एकदम दुमडायची नि उघडायची. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास."

आमचे शेजारी भाऊ एसटीत कंडक्टर होते, मुरुड-अलिबाग लाइनीला. रिटायर झाले तरी कुठलीही गाडी मागे येताना दिसली की हा हात आपोआप वर जायचा. मग तो गॅसवाल्याचा टेम्पो असो की नातवाची तीनचाकी. एकदा कोणाची तरी म्हैस मागे सरकत होती, तर तिलाही लावली. नीट लागली हो म्हैस, गडग्याला समांतर.

असा एखादा माणूस तुमच्याही शेजारी असेल, बघा आठवून.

दुसरं वेड झोपेचं. आमचा बोळ म्हणजे दोन दगडी गडग्यांमधली वाट. मोठ्या रस्त्यावरून निघते नि माझ्या पडवीपाशी संपते. मध्यावर नीरफणसाची सावली आहे आणि समुद्राचा वारा नेमका तिथे येतो. जेवण झालं की भाऊ तिथे खाट टाकायचे, ती बरोब्बर वाटेच्या मधोमध. कोळीण पाटी घेऊन आली की खाटेला वळसा घालायची नि तेवढ्यापुरती ओरडायची थांबायची.

"घरात झोपा की," त्यांची बायको म्हणायची.

"घरात लागत न्हाय. जन्म एसटीच्या दारात गेला माझा. वारा लागतो मला."

तर झालं काय, बोळाच्या कडेच्या नारळीच्या वाडीत बिल्डिंग यायचं ठरलं. नियम असा निघाला, की नव्या बिल्डिंगला लागून बोळ असेल तर माणसांचं दार मोठ्या रस्त्यावर ठेवायचं, पण गाड्यांचं फाटक बोळातच काढायचं. अट एकच. आगीचा बंब बोळात शेवटपर्यंत शिरला पाहिजे. नाही शिरला, तर बोळ आमचा आम्हाला.

"आन् मी झोपू कुठं?" भाऊ म्हणाले. हरकत घ्यायला स्वतः गेले नगरपालिकेच्या ऑफिसात. तिथे सगळ्यांसमोर सांगून आले, "बंब ह्या बोळात शिरला तर मिशी काढीन." मिशी केवढी, तर केरसुणीएवढी.

साहेब म्हणाले, बघू या शिरतो का. आणि एका दुपारी बंब घेऊनच आले.

आळी सगळी जमली. भाऊ खाटेवर मांडी घालून, हाताची घडी, ऐटीत. ड्रायव्हर पोरगेलासा होता. बंब उलटा आत घ्यायला लागला तर एकदा इकडे घासतोय, एकदा तिकडे. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. साहेब मान हलवायला लागले. आम्ही बायका एकमेकींना कोपराने ढोसतोय, की वाचलो.

भाऊंनी आधी तोंड फिरवलं. मग पुटपुटले, "डावा मार, डावा." मग मांडी मोडली. मग उभेच राहिले. "वयनी, तिकडनं धरा," मला म्हणाले, आणि मीही येड्यासारखी धरली. आम्ही दोघांनी खाट उचलून बाजूला ठेवली. हात वर गेला. बंबाच्या पाठीवर थापा मारत भाऊंनी तो थेट माझ्या पडवीपर्यंत आणला. गडग्यावरचं शेवाळसुद्धा खरवडलं नाही.

"म्हणजे शिरतो," साहेब म्हणाले.

"शिरतो म्हंजे? शिरणारच. ड्रायव्हर कच्चा हाय, बोळ थोडाच कच्चा हाय."

भाऊंनी बंबाकडे बघितलं, खाटेकडे बघितलं. मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, "वयनी, मी काय केलं?"

"बंब लावलात," म्हटलं.

मिशी दुसऱ्या दिवशी काढली. बायको दोन दिवस पदर डोक्यावर ओढून बोलत होती, परका माणूस घरात आल्यासारखी.

बिल्डिंग झाली. फाटक बोळात आलं आणि खाट घरात गेली. भाऊ दुपारभर पडवीत येरझारा घालायचे, डोळे लाल. पण हळूहळू कळलं, की फ्लॅटवाली मंडळी मुंबईची, येतात शनिवारी नि जातात रविवारी. सोमवारी खाट पुन्हा मध्यावर.

एकदा फ्लॅटमधली एक बाई आडवारी आली. खाटेपुढे गाडी थांबवली, हॉर्न दिला. भाऊंनी एक डोळा उघडला. "आज बुधवार हाय, ताई. तुमचा दिवस न्हाय." नि कूस बदलली. ती हसतच सुटली. गाडी रस्त्यावर लावून आली. तेव्हापासून आडवारी आली की बोळाच्या तोंडाशीच थांबून आधी खाट बघायची.

गेल्या थंडीत भाऊ गेले. झोपेतच गेले, पण घरातल्या पलंगावर. ते मला अजून टोचतं.

दिवसकार्य उरकल्यावर त्यांच्या बायकोने खाट धुऊन बोळात वाळत टाकली आणि वर त्यांची गोधडी पसरली. कुठे टाकायची हे तिला कोणी सांगायला नको होतं. दुपारी त्या बाईची गाडी आली आणि बोळाच्या तोंडाशी थांबली. मी तिथेच पाववाल्याची वाट बघत उभी होते. तिने काच खाली केली, आवाज अगदी बारीक.

"आजी, काका झोपलेत?"

मी हो म्हटलं.

तिने गाडी रस्त्यावरच लावली. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन उन्हातून पुढच्या दाराने आत गेली. त्या दुपारी बोळात वारा छान होता.