गळलेली अकरा गावं

"हे कुठून उचललं?" असं विचारताना माझ्यासोबत काम करणाऱ्या ताई चष्मा कपाळावर सरकवायच्या. टपरीवर कुणी म्हणालं, उद्या मंत्री येणार, तरी हाच प्रश्न, आणि मी नवा शर्ट घातला तरी हाच. तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्यापुढे थाप मारायची सोय नसते.

लातूर जिल्हा होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. गंजगोलाईच्या बाजारामागे, एका माडीवर, आमचं दोन मशीनचं खाजगी कॉम्प्युटर सेंटर होतं. त्या वर्षीच्या दुष्काळात कुठल्या गावाला टँकर जाणार याची यादी रोज आम्ही छापायचो. दुपारी सरकारी कचेरीतला एक कारकून जीपमधून येऊन ती घेऊन जाई.

यादी छापली की ताई शाळेतल्या हजेरीसारखी मोठ्यानं वाचायच्या, अगदी शेवटच्या नावापर्यंत.

"ताई, शाळा भरली का?" मी चिडवायचो.

"हाव, भरली. गैरहजर कोण ते बघून राहिले."

त्या लोह्याजवळच्या एका खेड्यातल्या, बौद्ध वस्तीतल्या. एकदा सहज बोलून गेल्या, "आमची वस्ती कायम यादीच्या बुडाला. बुडातलं नाव गळलं तर वरच्याला कळत न्हाई रे." मी हसलो होतो. आज त्या हसण्याची लाज वाटते.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ताई दोन दिवस नांदेडला गेल्या, तेव्हा मी मशीनवर नवा कंपायलर टाकला. आपण लिहिलेला प्रोग्राम मशीनला चालेल असा करून देणारा तो. जुनी कामं अडू नयेत म्हणून जुनाही राहू दिला. दोघांच्या फोल्डरमध्ये गावांच्या क्रमांकांची एकेक लायब्ररी, म्हणजे प्रोग्राम बांधताना जोडायची तयार फाइल होती, आणि दोन्हींचं नाव एकच. मग मी यादीचा प्रोग्राम पुन्हा बांधला, यादी छापली आणि न वाचताच जीपमध्ये दिली.

दुसऱ्या दिवशी ताई परतल्या. माझी नवी यादी घेऊन वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"उदगीरकडली शेवटची अकरा गावं कुठायत?"

"मशीननं तर एकही चूक दाखवली नाही, ताई."

"दाखवली न्हाई म्हणजे झाली न्हाई का?"

खाली जीपचा हॉर्न वाजला.  मी घाईघाईनं प्रोग्राम खोडायला लागलो, तसा त्यांनी माझा हात धरला. "प्रोग्रामला हात लावू नको. लायब्ररी कुठून उचलली ते बघ."

बघितलं. लायब्ररी कुठे कुठे शोधायची त्या ओळीत जुना फोल्डर मीच आधी लिहिला होता. मशीन सांगितल्या क्रमानं गेलं आणि त्या नावाची पहिली सापडली ती घेऊन आलं. नव्या जिल्ह्यात ह्या अकरा गावांना अगदी अलीकडे क्रमांक मिळाले होते, ते मी नवीतच भरले होते, जुनीला ठाऊकच नव्हते. आणि क्रमांक न सापडलेलं गाव मुकाट सोडून द्यायची सोयही माझीच.

हॉर्न पुन्हा वाजला. कारकून जिना चढून दारात आला. ताईंनी ओळीतला क्रम बदलला, प्रोग्राम पुन्हा बांधला आणि कारकुनाला उभं ठेवून सगळी यादी वाचली. अकराही गावं आली. मी यादी कारकुनाच्या हातात दिली.

"कालची?" ताईंनी विचारलं.

"गेली."

"वाचली होतीस?"

मी नकारार्थी मान हलवली. ताईंनी पिशवी खांद्याला लावली आणि मला घेऊन उदगीरच्या एसटीत बसल्या.

ताई आता नाहीत. त्यांची आठवण आली की ती दुपारच समोर येते. अकरांपैकी पहिल्या गावात उतरलो, तर रिकाम्या घागरींची रांग कालपासून तशीच होती. एका म्हाताऱ्या बाईंजवळ ताई थांबल्या. "मावशी, कालचा टँकर सरकारनं न्हाई, आमच्या सेंटरनं चुकवला. यादीतून तुमचं गाव गळलं."

 त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. पण वाट माझीच बघत होत्या, हे मला कळलं.

"माझ्यामुळं गळलं, मावशी," मी म्हणालो.

 मावशी उठून घरात गेल्या आणि अर्धा तांब्या पाणी घेऊन आल्या.

"उन्हाचं आलाव," त्या म्हणाल्या. "आधी पाणी प्या."