चौदा पिस्तुलं आणि एक पाकीट

माझ्याकडे चौदा पिस्तुलं आहेत आणि चौदाही एकाच मॉडेलची. पुण्यातल्या नातेवाइकांना हे कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "एकाच मॉडेलची चौदा कशाला गं?" मॉडेलचं नाव मी इथे देत नाही. ज्यांना या विषयात गोडी आहे ते वर्णनावरून ओळखतील, आणि बाकीच्यांना नाव सांगून काही फरक पडणार नाही.

रेगेन्सबर्गला एका गाड्यांच्या कारखान्यात मी क्वालिटी विभागात काम करते. सारखे दिसणारे दोन भाग खरंच सारखे आहेत का, हे दिवसभर तपासायचं. सवय अशी लागली आहे की बाजारातून आणलेल्या दोन वाट्यासुद्धा मी शेजारी ठेवून बघते. दहा-बारा वर्षांपूर्वी विभागातली एक सहकारी मला तिच्या गावच्या नेमबाजी क्लबात घेऊन गेली. तिथे या मॉडेलची दोन पिस्तुलं होती. एकाचं गोळ्यांचं मॅगझिन मुठीच्या तळाशी असलेली खिट्टी मागे ओढून निघायचं, दुसऱ्याचं चापाजवळचं बटण दाबून. असं का, हे क्लबात कोणाला सांगता येईना. घरी येऊन मी शोध घेतला आणि एक यादी केली. खिट्टीवालं जुनं, बटणवालं नंतरचं. मग पोलिसांसाठी बनवलेलं, बाजूला खात्याचा शिक्का असलेलं. डावखुऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना कळ असलेलं. स्पर्धेसाठी लांब नळीचं. निकेलचा मुलामा दिलेलं. कंपनीने वर्धापनदिनासाठी काढलेलं, स्लाइडवर म्हणजे वरच्या सरकत्या भागावर ओकच्या पानांची नक्षी आणि अक्रोडाच्या लाकडाची मूठ असलेलं. यादी एकोणीसवर थांबली. त्यातली चौदा आज माझ्याकडे आहेत.

जर्मनीत असा संग्रह करायला लाल रंगाचं वेगळं परवाना-कार्ड लागतं. ते सहजासहजी मिळत नाही. संग्रहाचा विषय काय आणि तो पुरा कधी होईल, हे लिहून द्यावं लागतं. माझा अर्ज तेवीस पानांचा होता. कार्यालयातल्या बाई म्हणाल्या की इतका नीट अर्ज त्यांनी क्वचितच पाहिला असेल. मी तेव्हा फुशारून गेले होते. कार्डाबरोबर अटी येतात. नवीन पिस्तूल घेतलं की दोन आठवड्यांत नोंदवायचं. ठरावीक दर्जाच्या पोलादी तिजोरीत ठेवायचं. तिजोरीचा आकडा दुसऱ्या कोणालाही कळू द्यायचा नाही. अट मोडली तर माणूस 'विश्वासार्ह' राहत नाही, कार्ड जातं आणि सगळा संग्रह द्यावा लागतो.

शेवटची अट मी वाचली, तिच्याखाली सही केली आणि मोडली. तेही व्यवस्थितपणापायी.

माझे बाबा अचानक गेले तेव्हा विम्याचे कागद कुठे आहेत हे आईला माहीत नव्हतं. बँकेच्या लॉकरची किल्ली सापडायला आम्हाला चार दिवस लागले. तेव्हापासून मी एक फाइल ठेवते. तिच्यावर लिहिलंय, 'मी नसले तर'. घराचा करार, विमा, पेन्शन, सगळे पासवर्ड. तिजोरी आली तसा तिचा आकडाही मी एका चिठ्ठीवर लिहिला, चिठ्ठी पाकिटात घातली, पाकीट बंद करून जोडावर सही केली आणि फाइल नवऱ्याच्या टेबलाच्या खणात ठेवली. अटीतल्या 'दुसऱ्या कोणालाही' या शब्दांत नवरा येतो, हे माझ्या डोक्यात शिरलंच नाही. आमच्याकडे घरातली गोष्ट नवऱ्याला माहीत असणं याला सांगणं म्हणतच नाहीत.

गेल्या शरद ऋतूत सासूबाई तीन महिन्यांसाठी आल्या होत्या. खंडेनवमी कामाच्या दिवशी आली. त्यांनी आदल्या दिवशीच गार्डन सेंटरमधून झेंडूची दोन रोपं आणवून ठेवली होती. सकाळी मी बूट घालत असताना त्यांनी विचारलं, "अगं, तुझी ती हत्यारं कधी काढून देतेस?"

"अहो आई, ती आज नाही काढता येणार. मी साडेसहाला निघतेय."

"मग आज काय विळीची पूजा करू? घरात चौदा पिस्तुलं आणि पाटावर विळी."

"विळी चालेल की. गेल्या वर्षी मी स्क्रू-ड्रायव्हर ठेवला होता."

"ते दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. मी निघाले.

दुपारी अडीचला फोन पाहिला तर दोन निरोप होते. पहिला नवऱ्याचा. तो त्या दिवशी घरून काम करत होता. "शस्त्रपरवाना कार्यालयाचे दोघं येऊन गेले. तपासणी आहे म्हणे. तू नाहीस म्हटल्यावर साडेचारला परत येतो म्हणाले. मला अडीचपासून कॉल आहे, उचलणार नाही."

तपासणीची मला धास्ती नव्हती. ते लोक न कळवता येतातच, दोनदा येऊन गेले होते, आणि माझी यादी नेहमी तयार असते. मग मी सासूबाईंचा निरोप ऐकला.

"पूजा छान झाली गं. सुऱ्या मांडल्या, कात्री, त्याचा लॅपटॉप, आणि तुझं ते नक्षीचं पिस्तूल. हळदकुंकू वाहिलं. तू नव्हतीस म्हणून तुझ्या वतीने नमस्कार मीच केला."

मी निरोप पुन्हा ऐकला. नक्षीचं पिस्तूल तिजोरीत होतं. तिजोरी माझ्याशिवाय एकाच माणसाला उघडता येणं शक्य होतं, आणि तेही मी त्याला आकडा लिहून दिला म्हणून. नवऱ्याला फोन लावला, उचलला नाही. सासूबाईंना लावला, तर जेवून आडव्या झाल्या की त्या फोन बंद ठेवतात. साहेबांना सांगून मी लवकर निघाले.

गाडीत पहिला विचार आला तो मात्र कुंकवाचा. कुंकू ओलं लावलं असेल तर स्लाइडच्या काळसर निळ्या झिलईवर डाग पडतो. कार्ड जायची वेळ आली होती आणि मी झिलईची काळजी करत होते. मग जरा भानावर आले. पुलाआधी गाड्या थांबल्या होत्या. मी मनात दोनच नोंदी केल्या. एक, तपासणीवाल्यांच्या आधी पोचले तर पिस्तूल आत ठेवायचं. दोन, आधी पोचले नाही तर जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्यायचं. पूल ओलांडेपर्यंत पहिली नोंदही मी खोडली. आधी पोचून गुपचूप आत ठेवलं असतं तरी नंतर यादीतल्या त्या ओळीकडे मला बघवलं नसतं.

पोचले तेव्हा ते दोघं आलेच होते. वयस्क बाई आणि एक तरुण गृहस्थ, हॉलमध्ये सोफ्यावर. सासूबाईंनी त्यांच्यासमोर पाणी ठेवलं होतं आणि स्वतः समोरच्या खुर्चीत बसून त्या दोघांना न्याहाळत होत्या. आतल्या खोलीतून नवऱ्याचा मीटिंगमधला आवाज येत होता. पाट कोपऱ्यात होता. तरुण गृहस्थांच्या पायांमुळे मला फक्त झेंडू आणि सुरीचं टोक दिसलं.

"आल्झो, तर मग आधी खाली जाऊ या," बाई म्हणाल्या.

तळघरात तिजोरीसमोर उभी राहिले. आकडा दाबला, दार उघडलं. मी डावीकडून मोजायला सुरुवात केली. खिट्टीवालं, बटणवालं, शिक्क्याचं, डावखुरं. नववी जागा नक्षीच्या पिस्तुलाची. ते तिथेच होतं, कापडात गुंडाळलेलं, गाठ मी बांधते तशी उलटी. चौदा. मी उगाचच परत मोजली. त्यांनी एकेक काढून त्यावरचा नंबर माझ्या यादीशी आणि त्यांच्या यादीशी ताडून पाहिला. नक्षीच्या पिस्तुलावर कुंकवाचा कणही नव्हता. माझे खांदे खाली आले. दुपारपासून ते कानांना टेकले होते.

"गेनाऊ, सगळं बरोबर," तरुण गृहस्थ म्हणाले. मग बाईंनी वर न बघता विचारलं, "आकडा तुमच्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

'कोणालाही नाही' असं म्हणायला फार तर एक सेकंद लागला असता. मी त्यांना फाइलबद्दल सांगितलं. बाबांबद्दलही सांगितलं, लॉकरच्या किल्लीबद्दलही. ऐकताना बाईंनी पेन टोपणात घातलं, आणि मला ते अजिबात आवडलं नाही.

"ती फाइल आणा," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचा कॉल संपला होता. मी खालून हाक मारली तसा तो फाइल घेऊन खाली आला. पाकीट बंद होतं. जोडावर माझी सही अखंड होती, शाई जरा फिकट झालेली. बाईंनी ते उजेडाकडे धरून पाहिलं.

"तुम्ही हे कधी उघडलं नाहीत?" त्यांनी त्याला विचारलं.

"बाहेर लिहिलंय 'मी नसले तर'," तो म्हणाला. "ती असतेच."

बाई पहिल्यांदा हसल्या. मग गंभीर होऊन म्हणाल्या की बंद असलं तरी हे पाकीट घरात असायला नको होतं. पाकीट आत्ता फाडायचं आणि आकडा आत्ता, त्यांच्यासमोर बदलायचा. तसं केलं तर त्या हे तोंडी समज दिली म्हणून लिहितील आणि पुढे काही होणार नाही. "मात्र आकडा आम्हालाही दिसायला नको," त्या म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तरुण गृहस्थही वळले, नवराही. जिन्यावर पावलं वाजली.

"काय चाललंय? सगळे भिंतीकडे का बघतायत?"

"आई, तू पण वळ," नवरा म्हणाला.

"माझा गुडघा वळत नाही. मी डोळे मिटते."

त्या खरोखर डोळे मिटून जिन्यात उभ्या राहिल्या. लोणच्याच्या बरण्यांकडे तोंड करून तीन माणसं आणि डोळे मिटलेल्या सासूबाई, अशा अवस्थेत मी नवा आकडा घातला. कुलपाने दोनदा बीप केलं. जुन्या आकड्याच्या चिठ्ठीचे मी इतके बारीक तुकडे केले की तरुण गृहस्थ म्हणाले, पुरे आता.

वर आल्यावर मात्र बाई पाटापाशी थांबल्या. मीही तेव्हाच पाट नीट पाहिला. सुऱ्या, कात्री, लॅपटॉप, आणि झेंडूंच्या मधोमध एक कागद. माझ्या यादीचं नववं पान, फोटोसकट, रंगीत छापलेलं. नक्षीच्या पिस्तुलाच्या फोटोवर हळद आणि कुंकू, आणि नंबराच्या रकान्यात अक्षता.

"सकाळपासून मागे लागली होती," नवरा म्हणाला. "मी म्हटलं, मला उघडता येत नाही."

"बायकोचं कपाट उघडता येत नाही म्हणे," सासूबाई मला म्हणाल्या. "मग म्हटलं फोटो तरी दे. देवाचा फोटो चालतो, तर हत्याराचा का नाही चालणार?"

मी हे जर्मनमध्ये सांगितलं. तरुण गृहस्थ कागदाकडे वाकून बघत म्हणाले, "हे भरलेलं नाही ना?" सासूबाईंना भाषांतर करून सांगितल्यावर त्यांनी ते मनावर घेतलं आणि नाही, असं खुणेनं गंभीरपणे सांगितलं. मग शिऱ्याच्या वाट्या पुढे केल्या. बाई म्हणाल्या, कामावर असताना काही घेता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, "प्रसाद आहे, बशीभर थोडाच देतेय." दोघांनी चमचाभर घेतला, उभ्याउभ्या.

ते गेल्यावर मी सोफ्यावर बसले ती बराच वेळ उठलेच नाही. नवऱ्याने चहा आणून दिला.

"निरोपात 'फोटो' म्हणायला काय झालं होतं आईंना?" मी विचारलं.

"तिला विचार. पण मी तिजोरी उघडली, असं तुला वाटलंच कसं?"

दोन तास मी गाडीत आणि पुलावर त्याला गुन्हेगार धरलं होतं, आणि त्याने तर नुसतं एक पान छापून दिलं होतं. मी तसं सांगून टाकलं. तो म्हणाला, "ठीक आहे. पण नवा आकडा मला कळता कामा नये. झोपेत बडबडू नकोस."

त्याच आठवड्यात मी फाइल पुन्हा लिहिली. तिजोरीपुढे आता एवढंच आहे: कोणी उघडू नये, कार्यालयाला फोन करावा, ते त्यांचा माणूस घेऊन येतील. खाली कार्यालयाचा नंबर. नवऱ्याने वाचून सही केली. सासूबाईंनी सणासुदीला असल्या गोष्टी लिहितात का, असं विचारलं, पण चष्मा लावून दोन्ही पानं वाचली.

तीन आठवड्यांनी कार्यालयाचं पत्र आलं. चपला घालून टपालपेटीपर्यंत गेले होते, तिथेच उघडलं. तपासणी झाली, नोंदी जुळल्या, समज देण्यात आली, परवाना कायम. चार ओळी. मी त्या थंडीत उभं राहून सावकाश वाचल्या. मग आत येऊन न्युरेम्बर्गच्या एका म्हाताऱ्या संग्राहकांना फोन लावला. माझ्या यादीतलं वाळूच्या रंगाचं पिस्तूल त्यांना विकायचं होतं, पण तपासणीपासून मी त्यांना उत्तर दिलं नव्हतं. ते म्हणाले, वाळूच्या रंगाचं अजून त्यांच्याकडेच आहे.

"शनिवारी दहाला येते," मी म्हटलं, आणि यादीत पंधराव्या ओळीपुढे पेन्सिलने तेवढं लिहिलं.