नाव-गाव विचारणारे नाना

नाना कोणालाही आधी नाव-गाव विचारायचे. सिलिंडर घेऊन आलेल्या माणसालाही. तो बिचारा घाम पुसत असायचा आणि नाना दारात उभे राहून म्हणायचे, "गाव कोणतं? आजोबांचं नाव काय?" एखाद्याला आजोबांचं नाव सांगता आलं नाही, तर त्याचं रेशनकार्डच हरवल्यासारखे नाना हळहळायचे. पंचवटीत ते आमच्या समोर राहायचे. रामकुंडावर पिढीजात उपाध्येपण. घरात लाल कापडात बांधलेल्या वह्या. कोणत्या गावचं कोण कधी आलं, कोणासाठी आलं, आणि खाली ज्याच्या त्याच्या हातची सही. "माणूस खोटं बोलेल, वही बोलणार नाही," हे त्यांचं पालुपद.

माझे मिस्टर गेले तेव्हा केतकी नववीत होती. तेरा दिवसांचं सगळं नानांनी केलं आणि दक्षिणेचं नाव काढलं नाही. "सुमन, आधी पोरीची फी भर," एवढंच म्हणाले. पुढे तिच्या प्रत्येक परीक्षेच्या सकाळी हातावर दही घालायला हजर. त्यांच्यावर शंका घ्यायची मला सवयच नव्हती.

केतकी बी. कॉम. झाली आणि दोन वर्षं घरी बसली. बसली म्हणजे काय, अंबडच्या एमआयडीसीत चपला झिजवल्या. कारखानेवाले सहा महिने कंत्राटावर ठेवायचे, मग "कळवतो" म्हणायचे. शेवटी शेवटी फोन वाजला तरी ती उठेनाशी झाली. भरलेलं ताट तसंच ठेवून आत जायची. मला भीती वाटायला लागली होती. एक दिवस ती अंघोळीला गेलेली असताना मी तिच्या खोलीची आतली कडी काढून टाकली.

त्याच आठवड्यात नाना लगबगीने आले. "पोरीचं काम झालं समज." नांदगावकडचा एक जण वडिलांच्या वर्षश्राद्धाला आला होता. नानांनी वही उघडली, तर त्याच्या आजोबांची सही निघाली. तो माणूस तिथेच रडला म्हणे. मग बोलता बोलता कळलं, की तो विमान कंपनीत मुलं लावून देतो.

"आधी पैसे मागतो का?" मी विचारलं.

"नोंदणीचे थोडे. अगं, तीन पिढ्या आपल्याकडे येतायत. उद्या आईचं करायला त्याला माझ्याच दारात यायचंय. फसवून जाईल कुठे?"

मला पटलं. खरं तर मला पटवूनच घ्यायचं होतं. नोंदणीचे भरले, मग वैद्यकीय तपासणीचे, मग प्रशिक्षणाचे. माझ्या पाटल्या गेल्या. गणवेशाचे पैसे मागितले तेव्हा माझ्याकडे काही उरलं नव्हतं; ते नानांनी भरले. पण केतकी पुन्हा जेवायला लागली होती. आरशासमोर उभी राहून इंग्रजीत प्रवाशांचं स्वागत करायची. रुजू व्हायच्या दिवशी ती मुंबईतल्या दिलेल्या पत्त्यावर गेली, तर तिथे शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. त्या माणसाचा फोन बंद.

दुसऱ्या दिवशी नाना एकटेच एसटीने नांदगावकडे गेले. परतले ते आमच्या पायरीवरच बसले.

"घर सापडलं. म्हातारी आई आहे. म्हणाली, 'गुरुजी, त्यो इथं राहत नाय आता. लय लोक येऊन रडून गेले.'" मग म्हणाले, "वही खोटी नव्हती गं. आजोबा खरे होते. नातू लबाड निघेल, हे वहीत कुठून लिहिलेलं असणार?"

मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

पोलीस चौकीत आम्ही तिघं गेलो. हवालदाराने विचारलं, "ओळख कोणी करून दिली?"

"कोणी नाही," केतकी म्हणाली. "मोबाइलवर जाहिरात पाहिली."

नाना खुर्ची धरून उठले. "पोरगी मला वाचवतेय. ओळख मी करून दिली. माझ्या शब्दावर यांनी पैसे भरले. लिहा तसं."

"बाबा, कशाला स्वतःचं नाव घालता?" हवालदार समजुतीने म्हणाला. "उद्या लोक तुम्हालाबी त्याच्यातलाच समजतील. घाटावर कोण येईल मग तुमच्याकडं?"

"लिहा," नाना म्हणाले.

हवालदाराचं खरं झालं. बातमी घाटावर पोचली आणि गावोगावचे लोक दुसऱ्या गुरुजींकडे वळू लागले. नाना तरी रोज कुंडावर जाऊन बसत आणि दुपारी तसेच परत येत. आमचे पैसे मिळाले नाहीत, तो माणूसही सापडला नाही. केतकी पुन्हा कंत्राटावर लागली, आणि वर्षाच्या आत नानांनी अंथरूण धरलं.

केतकी कामावरून आली की त्यांना पेज भरवायला जायची. मी एकदाच गेले. मला पाहून त्यांनी पडल्या पडल्या हात जोडले. "सुमन, राग नाही एवढं म्हण."

म्हणायला काय लागत होतं? माझी पोरगी हिंडती-फिरती होती, समोर म्हातारं माणूस चाललं होतं. मी त्यांची चादर सारखी केली आणि उठून घरी आले.