अकरा दिवस ओला राहिलेला काळा रंग

या ग्रुपवर मी दोन वर्षं नुसता वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. आधीच सांगतो, मी बी.एस्सी.ला आहे, केमिस्ट्री माझा आवडीचा विषय. इथले अनुभव वाचताना माझ्या मनात नेहमी एकच यायचं... लिहिणाऱ्याचं काहीतरी बघायचं राहिलं असेल. आता तुम्ही माझ्याबद्दल तसं म्हणालात तरी मला राग येणार नाही.

माझं गाव माकणीच्या बाजूला आहे. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. उमरग्यात हायवेलगत एका खोलीत राहतो आणि खोलीच्या मागेच गफूरमामूंचं पत्र्याचं शेड आहे. मामू ट्रक आणि जीप रंगवायचे. हैदराबादकडे जाणारे ड्रायव्हर वाट वाकडी करून त्यांच्याकडं यायचे. त्यांनी रंगवलेल्या केबिनसमोर उभं राहून मी दाढी केली आहे, इतका चेहरा स्वच्छ दिसायचा.

माझा छंद छोटा आहे. भंगारातून जुन्या धातूच्या खेळण्यातल्या मोटारी आणायच्या, रंग उतरवायचा आणि खऱ्या गाडीसारखा चकाकणारा रंग द्यायचा. सुरुवातीला मामूंना दाखवायची लाज वाटायची. एकदा त्यांनीच माझी लाल जीप हातात घेतली, उजेडाकडं धरली. रंग बारीक खडबडीत बसला होता.

"ह्ये काय, संत्र्याची साल लावलीय व्हय?"

"छोटी आहे मामू, एवढं दिसत नाही."

"गाडी ल्हान केली तू. धूळ ल्हान केली का? मोठ्या ट्रकवर कण बसला तर कणच दिसतो बेटा. हिच्यावर बसला तर धोंडा दिसतो."

तेव्हापासून मी त्यांचा विद्यार्थी झालो. जुन्या नायलॉनच्या साडीतून रंग गाळायचा. रंग मारण्याआधी जमिनीवर पाणी शिंपडायचं आणि बनियनही ओलं करून घालायचं, म्हणजे धागा उडत नाही. रंगाच्या प्रत्येक हातानंतर पाण्याच्या कागदानं, म्हणजे ओल्या पॉलिश पेपरनं, घासायचं. आणि त्यांचा एक नियम होता, जो मी दुसरीकडं कुठंच बघितला नाही. शेवटचा हात ज्यानं मारला, त्यानंच पहिल्यांदा गाडीला हात लावायचा. करंगळीची मागची बाजू बॉनेटवर टेकवायची आणि "सुकलाय" म्हणायचं. तोवर गाडीचा मालक आला तरी त्यानं लांब उभं राहायचं.

मामूंनी सगळे रंग केले, पण काळा कधीच नाही. गिऱ्हाईक आलं तरी हात जोडायचे. मी विचारलं तेव्हा मामी, म्हणजे त्यांच्या घरच्या, चहा घेऊन आल्या होत्या. त्याच म्हणाल्या, "डाक्टरची मोटार सांगा की त्याला."

मामू तरुण असताना गावातल्या एका डॉक्टरांची गोल बॉनेटची मोटार त्यांनी काळी केली होती. त्यांचं स्वतःच्या हिमतीवरचं पहिलंच काम. डॉक्टरांच्या घरी लग्न होतं, माणसं घाईला आली होती. गाडी बाहेर पडली आणि रस्त्याची सगळी धूळ रंगात बसली. डॉक्टर काहीच बोलले नाहीत.

"शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं," मामू म्हणाले. "काळा लई खरा रंग हाय. सगळं दाखवतो. पुन्हा न्हाय धरला म्या."

यंदा मार्चमध्ये मला भंगारात तशीच गोल बॉनेटची, वीतभर लांबीची मोटार मिळाली. मी ती घासून, प्रायमर मारून तयार केली आणि मामूंच्या पुढ्यात ठेवली. म्हणालो, "काळी करायची आहे. शेवटचा हात तुम्ही मारा." ते बराच वेळ तिच्याकडं बघत बसले. मग म्हणाले, "डाक्टरची अशीच व्हती." पुढचे पंधरा दिवस मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. खालचे हात मी मारायचो, ते चूक काढायचे, मी घासायचो.

एप्रिलमधल्या एका सकाळी, अकराच्या सुमाराला, त्यांनी शेवटचा हात मारला. मोटारीची बॉडी उलट्या स्टीलच्या पेल्यावर बसवली होती. एवढ्या मोठ्या माणसाची छोटी स्प्रे-गन त्या मोटारीवरून एकदा गेली, थांबली नाही, परत आली नाही. उरलेला फवारा मी एका जुन्या चमच्यावर मारून ठेवला, सुकल्याची परीक्षा म्हणून. मामू म्हणाले, "आत्ता झाकू नको, वाफ कोंडली की चमक मरते. अर्ध्या तासानं झाक."

दहा मिनिटांत त्यांच्या हातातून गन पडली. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं.

रिक्षा, दवाखाना, मग ॲम्ब्युलन्सनं सोलापूर. मामींसोबत मीच होतो. नळदुर्ग मागे पडल्यावर मला आठवलं की मोटार उघडीच राहिली. त्या वेळी असं काही आठवावं याचीच मला शरम वाटली.

तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगाचा झटका होता, जीव वाचला, पण उजवा हात आता कामाचा राहणार नाही. म्हणजे ती मोटार मामूंचं शेवटचं काम होती. आणि तीही काळी... आणि तीही माझ्यामुळं धुळीत गेली होती, कारण त्याच दुपारी उमरग्यात मोठी वावटळ सुटल्याचं फोनवर कळलं.

तिसऱ्या दिवशी मी कपडे न्यायला परत आलो. शेडमध्ये सगळ्यावर धुळीचा थर होता — डब्यांवर, स्टुलावर, पेल्याच्या कडेवरसुद्धा. चमच्यावरचा रंग कधीच सुकला होता आणि हाताला वाळूच्या कागदासारखा लागत होता. मोटारीवर एक कणही नव्हता. मी खाली बसून, टॉर्च मारून, दारांच्या खाचा बघितल्या. काहीच नाही. बॉनेटमध्ये वरच्या पत्र्याची प्रत्येक घडी दिसत होती, विहिरीत वाकून बघितल्यासारखी. मामूंनी एका हातात काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी इतकी सुंदर चमक आजवर दुसरीकडं बघितलेली नाही.

मग आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा कडेला, मी काडी टेकवली. काडीला रंग लागला. ओला, ताजा.

मी प्लास्टिकचा डबा वर झाकला आणि परत सोलापूरला गेलो. मामींना सांगितलं तर त्या नुसतं म्हणाल्या, "असू दे. हात न्हाय लावला ना तू वरनं?"

पुढं कॉलेजसाठी मी उमरग्यात राहिलो आणि रोज सकाळी आतून काडी लावून बघायचो. पाचवा दिवस, सहावा, नववा... ओलाच. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, थिनर चुकलं असेल, तेलाचा अंश राहिला असेल.

"मग सर, त्याच गनमधला रंग चमच्यावर कसा सुकला?"

सर म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. पण धुळीचं म्हणशील तर तू नीट बघितलं नसशील." मी नीट बघितलं होतं. पण सरांपुढं वाद घातला नाही.

अकराव्या दिवशी मामूंना घरी आणलं. दवाखान्यात ते कुणाशी बोलले नव्हते, जेवायलाही तोंड फिरवायचे. त्या सकाळी मी काडी लावली होती, रंग ओलाच होता. मला भीती वाटत होती की मोटार दाखवली तर त्यांना गेलेला हात आठवेल. मामी म्हणाल्या, "न्हाय दाखवली तर जास्त आठवंल."

चारच्या सुमाराला त्यांना खुर्चीत बसवून शेडमध्ये नेलं. मी डबा उचलला. मामू बघत राहिले. मग त्यांनी डावा हात हळूहळू वर आणला आणि करंगळीची मागची बाजू सरळ बॉनेटच्या मधोमध टेकवली. मी अडवायला पुढं झालो, पण उशीर झाला होता.

त्यांनी करंगळी ओढत पुढच्या काचेपर्यंत नेली. बॉनेटवर रेघ उठली नाही, करंगळीही कोरडी होती.

"सुकलाय," मामू म्हणाले. शब्द जड येत होते, पण कळत होते.

मी हात लावला. नखानंही दबत नव्हता. आतल्या कडेला, जिथं सकाळी काडी लावली होती, तिथंही कडक.

"झाकली व्हती?" त्यांनी विचारलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही मामू. विसरलो. वावटळीत तीन दिवस उघडीच होती."

ते अर्ध्या तोंडानं हसले. "विसरलो म्हून खरं सांगतोय हा," ते मामींना म्हणाले. मग एकेक शब्द गोळा करत म्हणाले, "डाक्टरच्या मोटारीला... म्या हात लावलाच नव्हता. लांबूनच म्हणलो, सुकलाय. घिऊन जावा."

एवढ्या वर्षांच्या संसारात मामींनाही हे माहीत नव्हतं.

मामूंनी मला मोटार उजेडाकडं फिरवायला लावली. डावं दार, मग उजवं, मग डिकी. मग पाणी मागितलं, आणि पाण्यानंतर भाकरी.

मी नंतर त्याच डब्यातला रंग, त्याच थिनरनं, तसल्याच पत्र्यावर मारून बघितला आहे. तीनदा. आधी जमिनीवर पाणी शिंपडून, वर डबा झाकून. प्रत्येक वेळी तो संध्याकाळच्या आत सुकला आणि प्रत्येक वेळी त्यात धूळ सापडली. कुणाला यामागचं कारण माहीत असेल तर जरूर लिहा. मला अजून मिळालेलं नाही, आणि मामूंना विचारलं की ते म्हणतात, "तू आधी हात सुधार."